तालवणकरांचा कैवारी

जगात अन्यायाला तोटा नाही आणि त्यावर चिडणाऱ्यांनाही नाही. पण सातासमुद्रापलीकडे, दोन-तीनशे वर्षांपूर्वी, ज्यांचं नावसुद्धा जिभेवर नीट बसत नाही अशा माणसांवर झालेल्या अन्यायाबद्दल सकाळी दात घासता घासता संतापणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि योगायोगाने ते माझे सासरे आहेत. हा संताप शिळा कधी होत नाही. जणू आत्ताच कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी येऊन बातमी सांगून गेलंय, इतका तो ताजा असतो. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी गेलो की ते पाण्याचा तांब्या पुढे करतात, गाडी सावलीत लावली का ते विचारतात आणि मी पहिला घोट घेईपर्यंत सुरू होतात, "पावणं, कसली माणसं म्हणायची वो ही? बाप जाऊन चार दिस झालं न्हाईत, आन् पोरीच्या डोळ्यांदेखत ढाल फोडली!" नवखा माणूस हबकतो. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाने टाकी दारातच ठेवून विचारलं होतं, "कुणाची पोरगी वो? पोलिसात कळवलं का?" सासरे म्हणाले, "कसलं पोलिस घेऊन बसलाय? सगळी मिळालेलीच की!" तो हळहळत गेला. पुढच्या महिन्यात टाकी उतरवताना त्याने आपणहून चौकशी केली, "त्या पोरीचं मिटलं का हो काही?" सासऱ्यांना तो माणूस फार आवडतो.

सासरे पेशाने पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरच्या ओळी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, तालमीच्या दारावरचा मारुती, हे सगळं त्यांनी चाळीस-एक वर्षं रंगवलं. हात असा की 'येथे कचरा टाकू नये' हे वाक्यसुद्धा लोक दोन पावलं मागे सरून बघत. संतापाचा मूळ झरा मात्र त्या कलेच्याही आधीचा. खानावळीत ताट यायला उशीर झाला म्हणून ते कधी चिडले नाहीत. पण ताट येईपर्यंत समोरच्या पाटीवरच्या 'शुध्द शाकाहारी'मधला चुकीचा 'द्ध' बघत बसणं त्यांना झेपलं नाही. खिशात ब्रश असायचाच. शेवटी मालक आतून बाहेर आला तेव्हा सासरे त्याच्याच स्टुलावर उभे राहून त्याचीच पाटी सुधारत होते आणि वर त्यालाच विचारत होते, "मास्तरनं शाळेत मारलं न्हाय का तुमास्नी?" मालकाने दुसरी भाकरी आपणहून वाढली. कोल्हापुरात आवाज चढवून बोललेलं प्रेमाचं समजतात, म्हणून हे गृहस्थ आजवर धडधाकट राहिले.

त्यांच्या आयुष्यात ते परदेशी घराणं आलं ते एका मंगल कार्यालयाच्या कमानीवरून. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. कागलच्या वाटेवर कुणीतरी नवं कार्यालय बांधलं होतं आणि मालकाला प्रवेशद्वार 'एकदम राजेशाही' हवं होतं. त्याने इंटरनेटवरून एक चित्र छापून आणलं होतं. ढालीचा आकार, खाली पूल, पुलावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला एक शिंगाळ बोकड. मालक म्हणाला, "पेंटर, सगळं हाय तसं काढा; फकस्त तेवढं बकरं पुसा आन् तिथं सिंह घाला. न्हाईतर लग्नाला आलेली माणसं समजतील, आज बेत मटणाचा हाय."

सासऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यो कुणाच्या तरी घराचा शिक्का दिसतोय," ते म्हणाले. "तुमच्या देवकातल्या पंचपालवीत कुणी आंबा काढून बाभूळ घातली, तर चालंल व्हय तुमास्नी?"

"आवो, त्यांचं कोण येतंय हितं इचारायला?" मालक हसून म्हणाला.

हे वाक्य सासऱ्यांना लागलं. कोण येतंय विचारायला! त्यांनी आठ दिवस बांबूच्या परांचीवर बसून बोकड होता तसाच रंगवला, उलट जरा जास्तच रुबाबदार. मालक खाली उभा राहून ओरडत राहिला. तोवर माझी बायको अश्विनी (तेव्हा ती माझी बायको नव्हती, कॉलेजात होती) हिला त्यांनी रोज संध्याकाळी सायबर कॅफेत पिटाळलं, हे घराणं कुणाचं ते काढ म्हणून. चौथ्या दिवशी तिला सापडलं. युरोपातल्या डोंगराळ मुलखातलं, एका दरीपुरतं राज्य असलेलं, टाल्वेनस्टाइन नावाचं सरदार घराणं. माहिती जेमतेम अर्धं पान. अश्विनी ती वाचून, मराठी करून सांगत होती आणि सासरे मांडी घालून ऐकत होते. शेवटचं वाक्य असं होतं : 'अमुक सरदारांच्या मृत्यूबरोबर हे घराणं पुरुषवंशात लोप पावलं, त्यांच्या पश्चात एक कन्या, आडेला, हिने तीसेक वर्षं दरीचा कारभार पाहिला.'

"थांब," सासरे म्हणाले. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"लोप पावलं, आन् मग तीस वरसं कारभार बगितला?"

"हो."

"म्हंजे मेलेलं घराणं तीस वरसं जित्तं हुतं?"

त्या दिवसापासून टाल्वेनस्टाइनांचे तालवणकर झाले आणि आमचे सासरे त्यांचे कैवारी. 'कर' त्यांनीच लावला. त्यांचं म्हणणं, ज्या दरीवरून नाव पडलं तिचं 'कर' लावलं नाही तर माणूस पोरका वाटतो. आडेलाची 'आडेलाआक्का' झाली. पुढच्या काही वर्षांत अश्विनीने इकडूनतिकडून आणखी चार-दोन तुकडे गोळा करून दिले आणि सासऱ्यांनी त्यांतून असा इतिहास उभा केला की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी पंचगंगेच्या पलीकडेच राहत होती. तालवणकर पुलावर जकात घ्यायचे. टोल घेत होते म्हटल्यावर, टोलविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कुठल्याही कोल्हापूरकराने त्यांच्यावर तिथेच फुली मारायची. पण सासऱ्यांनी तेवढं पोटात घातलं. "पूल दुरुस्त ठेवत हुते की," एवढंच म्हणाले. आडेलाआक्काच्या काळात महापूर आला, पूल वाहून गेला आणि तिने तो परत बांधला. ही गोष्ट ज्यांच्या दारात पुराचं पाणी आलेलं आहे अशा शेजाऱ्यांना ते सांगत, तेव्हा शेजारी माना डोलवत. पण सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट ढालीची. त्या मुलखात रीत होती म्हणे : घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या अंत्यविधीला कुळाची रंगवलेली ढाल सगळ्यांसमोर फोडायची आणि त्याच्याबरोबर पुरून टाकायची. संपलं घराणं. तालवणकरांचीही फोडली, आणि आडेला तिथे उभी होती.

"ती ढाल कुणीतरी रंगवली आसंल की वो!" सासरे म्हणत. पेंटर म्हणून त्यांना आधी ते दिसे. "आस्तर, मग पांढरा, मग सोनेरी. एकेक हात वाळाय दोन दोन दिस. आन् ह्यांनी घातला हातोडा." मग आवाज खाली आणून, "आन् पोरीला काय वाटलं आसंल? तू हाईस ती न्हाईसच, असं चारचौघांत सांगायचं म्हंजे काय?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते मुलगी बघायला गेलो तेव्हा. आम्ही साताऱ्याकडचे. बरोबर आई, काका आणि एक कमी बोलणारे मामा. पोहे आले, चहा आला. मी बँकेत आहे, घर स्वतःचं आहे, शेती वाट्याने दिलेली आहे, असं काका सांगत होते. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पावणं, एका घरात बाप मेला. पोरगी हाय, करती-सवरती हाय. तर त्ये घर संपलं म्हणायचं का न्हाय?" मी गोंधळलो. मला वाटलं, ही कोल्हापुरातली नवी बुद्धिमत्ता चाचणी असावी. मी म्हणालो, "पोरगी आहे तर कसं संपेल?" सासरे आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आगं, पसंत हाय मला!" अजून अश्विनी बाहेर आलेली नव्हती. आमच्या मामांनी त्या संपूर्ण कार्यक्रमात एकच वाक्य उच्चारलं, तेही परतीच्या वाटेवर, "मुलीच्या वडिलांची जरा चौकशी करून घ्या."

लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपक्षात मी चक्रावलो. तालवणकरांच्या शेवटच्या सरदारांची तिथी सापडेना, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असतेच. तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं, त्या दिवशी तालवणकरांचाही घास ठेवायचा. कारण काय, तर त्यांचं करायला मागे कुणी उरलं नाही. मग प्रश्न आला, त्यांना काय आवडायचं? अश्विनीने वाचून सांगितलं, त्या डोंगरात कोबी फार खातात. सासूबाई कोबीची भजी तळता तळता म्हणाल्या, "माझ्या सासू-सासऱ्यांचं करताना ह्यांनी कधी एवढं इचारलं न्हवतं." सासऱ्यांनी पान गच्चीवर नेऊन ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. घरच्या पितरांच्या पानाकडे कावळे अर्धा तास फिरकले नाहीत. तालवणकरांची भजी मात्र पहिल्या दोन मिनिटांत गेली. "बगितलंसा?" सासरे डोळे पुसत म्हणाले. "किती वरसांची भूक म्हणायची ही!"

पुढे त्यांनी पत्र लिहिलं. त्या दरीत आता एक लहानसं गाव आहे आणि गावाला आपल्याकडच्या नगरपालिकेसारखं काहीतरी आहे. सासऱ्यांनी ड्रॉइंगच्या जाड कागदावर बोरूने, पाटीच्या वळणाचं देखणं पत्र लिहिलं, मराठीत. विषय : आडेलाआक्कांचे नाव घराण्यात न धरल्याबाबत तीव्र निषेध. मी म्हणालो, निदान इंग्रजीत तरी लिहू. ते म्हणाले, "भांडण आपल्या भाशेतच करायचं आसतंय." शेवटी अश्विनीने सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, अत्यंत नम्र. आपल्या सुंदर हस्ताक्षराबद्दल आभारी आहोत, पत्र आम्ही कचेरीत चौकट करून लावलं आहे. मात्र सदर घराण्याचा कुणी वारस हयात नसल्याने आपली तक्रार कुणाकडे पाठवावी हे कळत नाही. सासऱ्यांनी ते उत्तर तीन वेळा वाचून घेतलं. "म्हंजे पुन्यांदा त्येच!" असं म्हणून ते जे उठले ते थेट तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि दिसेल त्याला थांबवून सांगू लागले. त्या दिवशी पेठेतल्या निदान पन्नास माणसांना, परगावच्या नगरपालिकासुद्धा आपल्यासारख्याच असतात, हे समजलं.

खरं सांगायचं तर मला या प्रकाराचा मधूनमधून उबग यायचा. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला, हातात केकची ताटली घेऊन, माझ्या साहेबांना ढाल फोडल्याची गोष्ट ऐकावी लागली. मी एकदा सासूबाईंपाशी बोलून दाखवलं, की आबांना, म्हणजे सासऱ्यांना, एवढी माणसं आसपास असताना त्या मेलेल्या परक्या लोकांचं इतकं काय? सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अश्विनीच्या बारशाला थोरलं भावजी पाळण्यापाशी उभं ऱ्हाऊन म्हणालं, ही झाली, आता खरं कवा? हे कायबी बोललं न्हाईत. मला दुसरं व्हणार न्हाय, हे डॉक्टरनं सांगितलं तवाबी बोललं न्हाईत. गावाकडं जत्रंला गेलं की भाऊबंद म्हणायची, धाकल्याचा दिवा इझला. तरीबी न्हाईत. वीस वरसं गप हुते. मग त्या बाईचं नाव घावलं आन् वरडाय लागले." एवढं सांगून त्यांनी सूप पाखडलं. त्यानंतर मी उबगायचं सोडून दिलं. निदान तसं दाखवणं तरी.

गेल्या वर्षी सुगी उरकल्यावर गावाकडून निरोप आला : हेळवी आलाय. हेळवी म्हणजे या भागातल्या घराघरांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा माणूस. काही वर्षांनी एकदा येतो, जाडजूड पुस्तक उघडून मूळपुरुषापासून नावं वाचून दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो, धान्यधुन्य घेऊन पुढच्या गावाला जातो. पूर्वी बैलावर बसून येत. हा मोटरसायकलवर आला होता, पण डोक्याला पटका होता आणि मराठीला कानडी हेल होता. सासऱ्यांचं मूळ गाव कागलपासून जवळच. मी, अश्विनी, सासू-सासरे असे माझ्या गाडीतून निघालो. वाटेत सासरे तालवणकरांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

थोरल्या चुलतसासऱ्यांच्या अंगणात सगळी भाऊबंदकी जमली होती. हेळव्याने पुस्तकाला हात लावून नमस्कार केला आणि वाचायला लागला. काय वाचत होता! अमक्याचे तीन, तिघांतला मधला पटकीच्या साथीत गेला. धाकट्याने रागाच्या भरात गाव सोडलं, तो तीन वर्षांनी बायको घेऊनच परत आला. दोनशे वर्षांची माणसं अंगणात येऊन बसल्यासारखी झाली. पोरं आपापल्या पणज्यांची नावं ऐकून हसत होती. वाचत वाचत तो या पिढीला आला. थोरल्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांतल्या एकाचं तान्हं. मग पान उलटून, त्याच लयीत, म्हणाला, "धाकल्याचा वंश खुंटला."

सासरे उठले. "कोण म्हणतंय?"

"पुस्तक म्हणतंय, मालक."

"पुस्तकाला डोळं न्हाईत, तुला हाईत की! ही काय बसलीया माझी लेक. एमेस्सी झालीया. कॉलेजात शिकिवतीया. हिला बघून सांग, खुंटला का ते."

हेळवी शांतपणे म्हणाला, "लेक दिल्या घरची असती, मालक. तिचं नाव त्या घरच्या पुस्तकात."

सासरे माझ्याकडे वळले. सगळं अंगण माझ्याकडे वळलं. "पावणं, हाय का तुमच्या पुस्तकात हिचं नाव?"

आमच्याकडे हेळवी येत नाही. पण काकांनी हौसेने करून घेतलेली वंशावळ बैठकीत चौकटीत लावलेली आहे. तिच्यात मी आहे, माझ्याखाली बाण काढून माझा मुलगा आहे. बाकी कुणी नाही. ती बघून कुणालाही वाटावं, की आमच्या घराण्यात मुलगे कलम करून लावतात. मला खोटं बोलता आलं असतं, पण अश्विनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही."

"म्हंजे हितं न्हाय, तितं न्हाय," सासरे म्हणाले. "मग ही हाय कुठं?"

कोपऱ्यातून एक चुलतभाऊ पुटपुटला, "आज नाव लागंल, उद्या हिस्सा मागाय येतील." सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिस्सा कायद्यानं हायच, त्यो न्हाय मागत. नाव मागतोय," ते म्हणाले, आणि मग उभ्या उभ्या त्यांनी आडेलाआक्काची गोष्ट सांगितली. मी ती गोष्ट शंभरदा तरी ऐकलेली. पण त्या दिवशी त्यांनी ती न ओरडता सांगितली. दरी, पूल, महापूर, फोडलेली ढाल, शेजारी उभी असलेली पोर. उसाच्या गावातली ती माणसं चिडीचूप ऐकत होती. सगळ्यांत गुंगला तो हेळवी. शेवटी ही तर त्याच्याच धंद्यातली गोष्ट. त्याने पुस्तकाची मागची कोरी पानं उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मूळपुरुष कोण म्हणालात यांचा?"

सासरे रंगात आले. त्यांनी मूळपुरुष सांगितला, त्याचा मुलगा सांगितला, त्याचे दोघे. हेळवी भराभरा लिहीत होता. 'त्यांची लेक आडेला' हेही त्याने ठळक अक्षरात लिहिलं. तेव्हा कुठे सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांब गा. तिचं लिवलंस? लेकीचं?"

"लिवलं की."

"आन् माझ्या लेकीचं न्हाय?"

हेळव्याने पेन खाली ठेवलं. "मालक, तिची भाऊबंदकी माझ्याशी भांडाय येणार न्हाय. तुमची ही काय समोर बसलीया." आणि त्याने थोरल्या चुलतसासऱ्यांकडे पाहिलं.

थोरले घसा साफ करत म्हणाले, "रीत हाय बाबा ती, धाकल्या. आपुन कशाला मोडायची?"

यानंतर काय झालं असतं ते सांगता येत नाही. सासऱ्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या. मलाही, इतकी वर्षं या माणसाचा संताप गमतीवारी नेल्यानंतर, पहिल्यांदाच अंगभर संताप आला होता. आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. तेवढ्यात चहाची परात घेऊन थोरली आई बाहेर आली. म्हणजे थोरल्यांची बायको. सत्तरी ओलांडलेली, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. तिने परात खाली ठेवली, पदर सावरला आणि हेळव्याला विचारलं, "माझं लिवलंय का वो त्यात?"

हेळव्याने आदराने पानं मागे-पुढे केली. "न्हाई, थोरल्या वैनी."

"मग ह्या तिघांस्नी जन्माला कुणी घातलं? तुमच्या पुस्तकानं?"

ओट्यावरच्या बायका आधी दबकून आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई तर उघड हसल्या. तिन्ही मुलगे जमिनीकडे बघू लागले. थोरल्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला नाही. मग बशीकडे बघतच म्हणाले, "लिव बाबा. दोघींचंबी लिव. न्हाईतर आज मला हितं जेवाण घावायचं न्हाय."

हेळव्याने आधी सासऱ्यांचं पान उघडलं. 'वंश खुंटला' यावर एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं. सासरे चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाकले होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "वाच."

"धाकल्याची लेक अश्विनी."

"पुन्यांदा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत सासूबाईंनी मागून त्यांचा सदरा ओढला. थोरल्या आईचं नाव लिहिताना हेळव्याने तिला ते विचारलं, तेव्हा ती क्षणभर अडखळली. तिला नावाने हाक मारून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. मग तिने ते सांगितलं, माहेरचं. थोरल्यांनी चमकून वर पाहिलं. बहुधा ते त्यांनीही बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं.

दुपारी जेवून आम्ही परत निघालो. आमच्या बैठकीतल्या चौकटीबद्दल काकांशी बोलायचं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवलं. अजून बोलणं झालेलं नाही, आणि अश्विनी मला त्याची आठवणही करून देत नाही, हे जास्त अवघड जातं. सासरे मागे, खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची मोकळी रानं होती, कुठे कुठे पाचट पेटवलेली. मी वाट बघत होतो, की आता ते सुरू होतील. थोरल्यांवर, हेळव्यावर, त्या पुटपुटणाऱ्या चुलतभावावर. पण ते काच खाली करून पेटलेल्या पाचटाकडे बघत राहिले. महामार्गाला लागल्यावर अश्विनी मागे वळून म्हणाली, "आबा, झालं ना मनासारखं? मग गप्प का?"

"आडेलाचा बाप लई कमनशिबी बग," सासरे बाहेर बघत म्हणाले.

"का? तिला तर हेळव्याने माझ्याही आधी लिहून घेतलं."

"त्ये खरं. पर ढाल फोडली तवा त्यो आत निजल्याला, पेटीत. त्येला वरडता आलं न्हाय. आला आसता बाहीर, तर हात धरला आसता एकेकाचा." त्यांनी काच वर केली. "म्हणून म्हटलं, जित्तं हाय तवर वरडून घ्यावं. मागनं कोण वरडणार?"

सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन घोट घेतले, बाटली मांडीवर ठेवली आणि शहराबाहेरच्या उड्डाणपुलाच्या अलीकडेच त्यांचा डोळा लागला. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. अश्विनीने सीटवरून मागे झुकून तो हलकेच काढून घेतला, आपल्या ओढणीने पुसला आणि घर येईपर्यंत हातात धरून बसली.